शेंड्यावरच्या माकडांकडे: पाच दिवस

पहिला दिवस

सिंहपुच्छ माकड बघायला आम्ही निघालो होतो सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, पण ते पहिल्यांदा दिसलं जाळीमागे. तमिळनाडूतल्या वालपाराईच्या वाटेवर एका शहरात गाडी बदलायची होती आणि मध्ये अर्धा दिवस मोकळा होता. तिथल्या प्राणिसंग्रहालयात ही माकडं आहेत असं कळल्यावर माझ्या भाचीने हट्टच धरला. ती अकरा वर्षांची. या प्रवासाचं खूळ मूळचं तिचंच.

काळंभोर, चकचकीत अंग. तोंडाभोवती राखाडी-रुपेरी आयाळ, आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. नाव पडलं ते या गोंड्यावरून, आयाळीवरून नाही. एक मोठा नर उजवीकडच्या खांबाला हात लावायचा, चार पावलं चालायचा, मानेला एक झटका द्यायचा, डावीकडचा खांब गाठायचा आणि वळायचा. पुन्हा तेच. झटका प्रत्येक वेळी त्याच जागी. भाचीने 47 फेऱ्या मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. तो चालतच राहिला.

बंदिवासातल्या माकडांमध्ये हे दिसतं. कोणी येरझाऱ्या घालतं, कोणी स्वतःचे केस उपटतं, कोणी स्वतःचाच दंड चावत बसतं. जंगलात या प्राण्याचा अख्खा दिवस कामात जातो. फळ पिकलंय का बघायचं, साल उचकटून किडे शोधायचे, टोळीत कोण कोणावर रुसलंय यावर नजर ठेवायची. इथे खाणं आयतं समोर येतं, पण दिवस तेवढाच लांब असतो. ते ओळखूनच तिथल्या रखवालदाराने टांगलेल्या टायरच्या आत भुईमुगाच्या शेंगा कोंबून ठेवल्या होत्या. दोन माद्या त्या बोटांनी काढत होत्या आणि तेवढा वेळ त्या जाळीजवळ आल्या नाहीत. त्या माणसाला मी मनापासून नमस्कार केला.

लोकांचं वागणं मात्र बघवेना. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी डोळे वटारून दाखवत होतं. एका छोट्या मादीने दात दाखवले तेव्हा सगळे ओरडले, "हसली, हसली!" माकड घाबरलं की असे दात दाखवतं. मला मारू नका, मी लहान आहे, असं ते सांगत असतं. आणि डोळ्याला डोळा भिडवणं ही त्यांच्यात धमकी असते. दिवसभर शेकडो माणसं येऊन त्यांना धमकावून जातात आणि जाताना म्हणतात, काय मजेशीर प्राणी आहे.

प्राणिसंग्रहालयं नकोतच, असं मी म्हणणार नाही. सिंहपुच्छ माकडं जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत आहेत. सुमारे 4,000 उरली असावीत, असा अंदाज सांगितला जातो. त्यांच्या बंदिवासातल्या पैदाशीच्या कार्यक्रमाचं मुख्य केंद्र चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयात आहे, आणि उद्या जंगलं रिकामी झाली तर या ठेव्याची गरज पडेल. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला जंगलात परत पाठवणं फार अवघड आहे. काय खायचं आणि कोणाला भ्यायचं, हे आईच्या पोटाला बिलगून शिकायचं असतं. ती शाळा एकदा मोडली की पुस्तकावरून उभी करता येत नाही.

दुसरा दिवस

पोल्लाचीहून वालपाराईचा घाट 40 हेअरपिन वळणांचा. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला आहे, त्यामुळे भाचीला काम मिळालं. पायथ्याला आळियार धरण, पुढे वनखात्याची चौकी, मग एक धबधबा. त्याचं नावच मंकी फॉल्स.

तिथे माकडांची कमी नव्हती. ही वेगळी, दक्षिणेत सगळीकडे दिसणारी टोपीवाली माकडं. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस, गुलाबी तोंड, लांब शेपूट. पर्यटकांच्या गाड्या थांबत होत्या, काचा खाली होत होत्या आणि बिस्किटं बाहेर पडत होती.

आम्ही अर्धा तास नुसतं बघत उभे राहिलो. पहिलं बिस्किट पडलं ते एका मादीसमोर, तिच्या पोटाला दोनेक आठवड्यांचं पिल्लू. तिने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला, कारण कठड्यावरून थोरला नर उतरला होता. त्याने एकामागून एक बिस्किटं गालाच्या थैल्यांत भरली. मागून दोन तरुण नर आले, जुंपली, आरडाओरडा झाला. या झटापटीत एक पिल्लू सुटून रस्त्यावर गेलं. वळणावरून येणाऱ्या बसने करकचून ब्रेक मारला. पिल्लू वाचलं. गाडीतली माणसं खिडकीतून हे सगळं चित्रित करत होती. माणसं वाईट नव्हती. आजी नातवाला सांगत होत्या, "मुक्या जिवाला दे, पुण्य लागतं."

मी त्यांना काही बोलू शकले नाही, कारण मीही असंच दिलेलं आहे. लहानपणी आमच्या दारात माकडवाला यायचा. डुगडुगी वाजली की आम्ही पळत सुटायचो. माकडीण घागरा घालून सासरी जायची, रुसायची, सलाम करायची आणि आम्ही तिच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवायचो. तिच्या गळ्यातल्या दोरीखाली केस झडून कातडी उघडी पडली होती. ते मला आजही डोळ्यासमोर दिसतं, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अशी माकडं पिल्लू असतानाच आईपासून तोडून आणत, चावू नयेत म्हणून अनेकांचे दात पाडलेले असत, आणि काठीच्या धाकानेच ती सलाम करायला शिकत. 1998 साली केंद्र सरकारने माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला आणि त्यासाठी त्यांना शिकवायला बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले, पण 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. दारातली डुगडुगी गेली. रस्त्यावरचा पसरलेला हात तेवढा राहिला.

नवव्या वळणावर निलगिरी ताहर, म्हणजे इथल्या डोंगरी रानशेळ्या दिसल्या, खडकावर निवांत रवंथ करत. चाळिसावं वळण संपलं तेव्हा धुकं उतरलं होतं आणि दोन्ही बाजूंना चहाचे मळे पसरलेले होते.

तिसरा दिवस

वालपाराईचं पठार एकेकाळी सलग वर्षावन होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मळे यायला लागले, आणि आता चहाच्या हिरव्या गालिच्यात जंगलाचे तुकडे बेटांसारखे उरले आहेत. गावाजवळचं पुदुथोट्टम हे त्यांतलं एक बेट. मोटाररस्ता त्याच्या मधून जातो.

सकाळी साडेसहाला आम्ही तिथे पोचलो. रस्त्याच्या कडेला जाकीट घातलेला एक रखवालदार उभा होता. त्याचं काम एकच, माकडं रस्ता ओलांडत असतील तेव्हा गाड्या थांबवायच्या आणि कोणाला खाऊ घालू द्यायचं नाही. त्याला हिंदी येत नव्हतं, आम्हाला तमिळ. आमचा ड्रायव्हर मधला दुवा झाला. "सोलैमंदी," रखवालदार बोट वर करून म्हणाला. सिंहपुच्छ माकडाचं हे तमिळ नाव.

वर बघितलं तर रस्त्यावरून पूल गेला होता. दोन्ही बाजूंच्या झाडांना बांधलेली, अग्निशामक दलाच्या जुन्या पाइपांसारख्या पट्ट्यांची झुलती शिडी. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेचे लोक पंचवीसेक वर्षं या पठारावर काम करत आहेत. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी मळेवाल्यांशी बोलून जंगलाच्या तुटक्या तुकड्यांत पुन्हा देशी झाडं लावली आणि असे पूलही उभे केले. सिंहपुच्छ माकड मूळचं शेंड्यावरचं, भल्या जंगलात जमिनीवर फारसं न उतरणारं. पण दोन झाडांच्या मध्ये रस्ता आला आणि फांदी फांदीला भिडेनाशी झाली, की त्याला उतरावंच लागतं. उतरलं की मोटार असते.

सातच्या सुमाराला फांद्या हलल्या. पहिल्यांदा एक तरुण नर आला. त्याने पुलाची पट्टी हाताने दाबून बघितली, आपण निसरड्या पायरीवर पाय टेकवून बघतो तशी, आणि तोल सावरत पलीकडे गेला. मग माद्या. एकीच्या पोटाला पिल्लू होतं. पिल्लांचं तोंड गुलाबट असतं आणि आयाळ अजून फुटलेली नसते, त्यामुळे त्या काळ्या अंगावर ते तोंड फुलासारखं दिसत होतं. पुलाच्या मध्यावर ती थांबली. खालून मालाने भरलेला ट्रक गेला, पूल झुलला, तिने एका हाताने पिल्लाची पाठ दाबून धरली. ट्रक गेल्यावर मगच पुढे सरकली. सिंहपुच्छ मादीला पहिलं पिल्लू साधारण सहाव्या वर्षी होतं, एका वेळी एकच, आणि पुढचं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. चाकाखाली एक गेलं की टोळीची ती जागा फार वर्षं रिकामी राहते.

सगळ्यांनी पूल वापरला असं नाही. पंधरा-वीस माकडं सरळ रस्त्यावर उतरली. त्यातली एक प्रौढ मादी डावा हात टेकवत नव्हती, तीन पायांवर उड्या मारत पलीकडे गेली. रखवालदाराने ड्रायव्हरमार्फत सांगितलं, गाडीने उडवली होती, पण जगली.

मग एक नर आला. भाचीच्या जाकिटाच्या खिशात बिस्किटाचा पुडा होता. मी सकाळी काढून ठेव म्हटलं होतं, ती विसरली होती. वेष्टनाचा नुसता चुरचुर आवाज झाला असेल. तो तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. इतक्या जवळून मी त्याचा हात बघितला. काळ्या चामड्याचा तळवा, त्यावर आपल्यासारख्याच रेषा, छोटी चपटी नखं, अंगठ्याच्या नखात अडकलेला सालीचा तुकडा. त्याने तो हात तिच्या बुटाच्या नाडीवर ठेवला आणि खिशाकडे बघत राहिला.

"मावशी, त्याला भूक लागलीय," ती पुटपुटली.

रखवालदाराने नुसती मान हलवली. तो नर किती वेळ असा बसला असेल, मिनिटभर? मला फार मोठा वेळ वाटला. भाचीने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नजर जमिनीवर ठेवली. पहिल्या दिवशी ऐकलेलं तिच्या लक्षात होतं. नराने नाडी एकदा ओढली, सुटली, सोडून दिली. समोरच्या फणसावर चढून त्याने कोवळा फणस फोडला आणि चीक पुसत पुसत खायला लागला. भूक भागवायचं झाड दहा पावलांवर होतं. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. पुडा तिने मुठीत घट्ट धरला होता, आतल्या बिस्किटांचा चुरा झाला होता.

दाट जंगलात सिंहपुच्छांच्या टोळीत पंधरा-वीस, फार तर पंचवीस माकडं असतात. पुदुथोट्टमच्या या एवढ्याशा तुकड्यात ती शंभराहून कितीतरी अधिक आहेत. संख्या वाढली ही आनंदाचीच गोष्ट, पण चहाने वेढलेल्या बेटावरून ती जाणार कुठे? त्यातली काही आता वालपाराईच्या वस्तीत शिरतात, कौलं उचकटतात, कचराकुंडी उपसतात. चहा खुडायला जाणारी बाई संध्याकाळी परत येते तेव्हा तिच्या घरातला तांदूळ जमिनीवर सांडलेला असतो. तिचा राग खोटा नाही. पर्यटक देऊन निघून जातो, आणि चटावलेलं माकड तिच्या वाट्याला येतं. पुढे तक्रार, सापळा, पिंजरा, आणि कुठल्या तरी परक्या रानात सोडून देणं. तिथे आधीच दुसरी टोळी असते. सोडलेलं माकड एकतर मार खातं, नाहीतर जवळचं गाव शोधतं. ज्याला बिस्किट मिळालं त्याचा प्रवास असा संपतो, हे मी भाचीला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही.

चौथा दिवस

सगळा दिवस गाडीत गेला. घाट उतरलो, पोल्लाची, मग पालक्काड, मन्नारक्काड, संध्याकाळी केरळमधल्या सायलेंट व्हॅलीच्या तोंडाशी मुक्काली.

वाटेत भाचीने विचारलं, "ती पिंजऱ्यातली माकडं पहिल्यांदा कोणी पकडली?" त्या प्रश्नाने आमचे चार तास गेले. मी तिला ऱ्हीससची गोष्ट सांगितली, उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडाची. 1938 साली क्लॅरेन्स कार्पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्याकडून बोटीने माकडं नेली आणि पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर 409 सोडली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि त्यांचा अभ्यास अजून चालू आहे. पुढे पोलिओची लस बनवायला माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत, आणि पन्नासच्या दशकात वर्षाला लाखाहून जास्त माकडं भारताबाहेर गेली. लाकडी खोक्यांत, विमानाने. माझी पिढी पोलिओपासून वाचली त्यात त्यांचा वाटा आहे, आणि हे ऋण आपण कधी मोठ्याने कबूल केलेलं नाही. माकडं फक्त वैद्यकीय कामाला वापरायची असा करार होता, पण अमेरिकेत लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांतही ती वापरली गेल्याचं उघड झालं. 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली.

हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग सांगू की नको, हे मला ठरवता येईना. शेवटी सांगितले. त्याने नवजात ऱ्हीसस पिल्लं आईपासून तोडली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्या छातीला दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, बाटलीशिवाय. पिल्लं दूध प्यायला तारेवर जायची आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून राहायची. बाळाला स्पर्श लागतो, नुसतं दूध पुरत नाही, हे जगाला पटायला हे प्रयोग व्हावे लागले.

"हे तर कुठल्याही आईला माहीत असतं," भाची म्हणाली. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही.

मुक्कालीच्या जवळ एका उंच झाडावर निलगिरी वानर दिसले. काळं अंग, डोक्यावर तांबूस-पिवळे केस. ते आम्हाला बघताच खाकरल्यासारखा आवाज करून आत पसार झाले. एवढं भिण्याला कारण आहे. या वानराच्या मांसापासून 'करिंकुरंगु रसायनम्' नावाचं औषध करत, दम्यावर चालतं म्हणून. त्यापायी हा प्राणी कित्येक डोंगरांवरून संपत आला होता. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळालं तेव्हा कुठे त्याची संख्या सावरू लागली.

पाचवा दिवस

सायलेंट व्हॅलीत स्वतःची गाडी नेता येत नाही. मुक्कालीहून वनखात्याच्या जीपने सुमारे 23 किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत जायचं, सोबत वाटाड्या. रस्ता संपतो तिथे मनोरा आहे, खाली कुंतीपुळा नदी.

याच नदीवर धरण व्हायचं होतं. सत्तरच्या दशकात वीजप्रकल्प मंजूर झाला, आणि त्याच सुमाराला स्टीव्हन ग्रीन आणि कॅरन मिंकोव्स्की या संशोधकांनी सिंहपुच्छ माकडांचा अभ्यास करून जगाला सांगितलं की या प्राण्याला जगायला मोठं, सलग जंगल लागतं आणि असं जंगल फार थोडं उरलं आहे. मग केरळ पेटलं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक, कवयित्री सुगतकुमारी, पक्षितज्ज्ञ सलीम अली, सगळे उभे राहिले. "माणूस मोठा की माकड?" असा टोमणा प्रकल्पवाल्यांनी मारला. शेवटी प्रकल्प रद्द झाला, 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि 1985 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एका माकडाच्या नावाने लढलेल्या भांडणातून सगळी दरी वाचली, तिच्यातल्या नदीसकट. त्या नदीचं पाणी खालची माणसंच वापरतात.

मनोऱ्यावरून तासभर काही दिसलं नाही. नुसते झाडांचे गोल गोल शेंडे, एकमेकांना चिकटलेले. कुठेही फट नाही. पुदुथोट्टमचा पूल आठवला. इथे पुलाची गरजच नव्हती.

परत निघताना वाटाड्या थांबला, ओठांवर बोट ठेवलं आणि पायाशी दाखवलं. वाटेवर पिवळट-तपकिरी फुलांचा सडा होता. कलेनियाचं झाड, मल्याळम नाव वेडिप्लावु. याची फुलं जाडजूड फांद्यांनाच झुबक्याने लागतात, फळ काटेरी असतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंहपुच्छांचं पोट बरंचसं याच्यावर भरतं. आम्ही वाकून एक फूल उचललं. पाकळ्या नाहीतच, नुसता मांसल बाह्यदळ, आणि त्याच्या कडेला दातांची बारीक, ओली खूण.

तेवढ्यात अजून एक पडलं, टप. मग दोन. आम्ही माना वर केल्या. खूप उंचावर, जिथे ऊन फांद्यांतून तुटक तुटक येत होतं तिथे, काही काळं हललं. बारा मोजली, पुढची पानांत गेली. एक मादी फांदीवर पालथी पडून फुलं तोडत होती, एकेक हुंगून बघत होती, एखादं चावून टाकून देत होती. एक नर साल उचकटून आत बोट घालत होता आणि बोट चाटत होता. दोन पिल्लं शेपट्या ओढत एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"मावशी," भाची अगदी हळू म्हणाली, "ती आपल्याकडे बघतच नाहीयेत."

तिने खिशातून हात काढले. या वेळी खिसा रिकामा होता. आम्ही वाटेवर बसलो, आणि फुलं पडत राहिली, टप, टप, कधी खांद्यावर, कधी पाचोळ्यावर. टोळी हळूहळू पुढे सरकली, मग आवाजही लांब गेला. वाटाड्याने घड्याळ दाखवलं. जीप थांबली होती.